इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमधून रिसर्च शिकायचा असेल तर: सेकंड-थर्ड इयरवाल्यांसाठी

"दादा, प्रोजेक्टला चांगला टॉपिक सांगा ना" हा प्रश्न दरवर्षी जुलैच्या आसपास ज्युनिअर्सकडून यायला लागतो. टॉपिक म्हणजे यांना एक भारी नाव पाहिजे असतं, ज्यात आयओटी, एआय आणि स्मार्ट यातले निदान दोन शब्द बसले पाहिजेत. मग चार जणांचा ग्रुप होतो, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला एक चक्कर, पार्ट येतात, यूट्यूबवरून कोड येतो, एलईडी लागतो, रिव्ह्यू पास. काही जण तर अख्खा प्रोजेक्टच विकत घेतात, रिपोर्टसकट. डिग्री त्यातही मिळते, नाही असं नाही, पण रिसर्च शिकायचा असेल तर रस्ता वेगळा आहे आणि तो वाटतो तेवढा महाग किंवा अवघड नाहीये. आयआयटीतच जावं लागतं असंही काही नाही.

एक गोष्ट डोक्यात फिट करा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. प्रोजेक्ट म्हणजे "काहीतरी बनवलं" आणि रिसर्च म्हणजे "काहीतरी मोजून कळलं". रिसर्चमध्ये बनवावं लागतंच, पण ते मोजण्यासाठी. म्हणून वस्तूच्या आधी प्रश्न ठरवा, आणि प्रश्न इतका लहान ठेवा की त्याचं उत्तर तुमच्याच लॅबमधल्या काट्यावर मोजता आलं पाहिजे.

कधी सुरू करायचं

बीईला सातव्या सेमिस्टरमध्ये सुरू केलं तर उशीर होतो, हे आधीच सांगतो. सातव्यात प्लेसमेंट, अ‍ॅप्टिट्यूड, कंपन्यांचे ड्राइव्ह, आणि आठव्यात बऱ्याच जणांची इंटर्नशिप. आपल्याकडे सिलॅबसमध्येच जागा आहेत, त्या वापरा. मुंबई युनिव्हर्सिटीत सेकंड इयरपासून मिनी प्रोजेक्ट असतात, पुण्याच्या २०१९ पॅटर्नमध्ये पीबीएल (प्रोजेक्ट करत शिकायचा विषय) होतं, ऑटोनॉमस कॉलेजमध्ये त्यालाच अजून काहीतरी नाव असतं. हे विषय सगळे जण उरकतात म्हणूनच तिथे तुम्हाला मोकळीक मिळते, कुणी फार बघत नाही. मिनी प्रोजेक्टमध्ये प्रश्न शोधा आणि छोटी चाचणी करा, बीईला तोच प्रश्न पुढे न्या. दीड वर्ष एकाच गोष्टीवर घालवलेला पोरगा व्हायवात लगेच ओळखू येतो.

अमेरिकेत एमआयटीनं १९६९ मध्येच यूआरओपी नावाची सोय केली, बॅचलरच्या मुलांनी प्रोफेसरच्या चालू रिसर्चमध्ये घुसून काम करायचं. आपल्या बहुतेक कॉलेजात तसा चालू रिसर्चच नसतो, म्हणून आपल्याला स्वतः जुळवाजुळव करावी लागते, एवढाच फरक.

प्रश्न कसा काढायचा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी गाडी इथेच अडते.

आपल्याकडचा सगळ्यात घिसापिटा प्रोजेक्ट घेऊ: स्मार्ट इरिगेशन सिस्टिम. मातीत सेन्सर, आर्डुइनो, रिले, पंप, मोबाइलवर नोटिफिकेशन. दरवर्षी प्रत्येक कॉलेजात निदान एक तरी ग्रुप हे करतोच, आणि सगळ्यांच्या डेमोत कुंडीतली लाल माती नाहीतर कोकोपीट असतं, त्यात पाणी ओततात, आकडा बदलतो, पंप बंद होतो, टाळ्या.

आता याच्यातच प्रश्न विचारायला लागा. शंभर रुपयांच्या आसपास मिळणारा तो कपॅसिटिव्ह सेन्सर (मातीत खुपसायची पट्टी) जो आकडा देतो, तो म्हणजे नक्की किती टक्के ओलावा? काळ्या मातीत त्याचं काय होतं? विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, नगर, जिथे शेती आहे तिथे बहुतेक काळी मातीच आहे ना, आणि काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, भेगा पडतात. भेग सेन्सरच्या पट्टीला लागून पडली तर सेन्सर मातीचा ओलावा मोजतोय का हवेचा? हा झाला प्रश्न! आणि हा तुमच्याच सिव्हिल डिपार्टमेंटच्या ओव्हनमध्ये माती वाळवून तपासता येतो.

तर प्रश्न लिहायचा असा: "अमुक सेन्सर काळ्या मातीत १० ते ४० टक्के ओलाव्याच्या पट्ट्यात किती चुकतो, आणि कॅलिब्रेशन केल्यावर चूक किती कमी होते?" (कॅलिब्रेशन म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवून घेणं.) या वाक्यात काय मोजायचं, कशात मोजायचं, कुठपर्यंत मोजायचं आणि कशाशी तुलना करायची हे सगळं आलं. तुमचा प्रश्न या चारपैकी कुठे लंगडा पडतोय ते बघा. "शेतकऱ्यांसाठी किफायतशीर प्रणाली विकसित करणे" हे निवडणुकीचं आश्वासन झालं, प्रश्न नाही.

दुसऱ्या ब्रँचवाल्यांनी पण हाच खेळ करायचा. सिव्हिलवाले फ्लाय अ‍ॅश घालून १५० मिमीचे क्यूब फोडतात आणि ७ आणि २८ दिवसांची स्ट्रेंग्थ लिहून मोकळे होतात. तेच त्यांनी "क्युअरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) पाणी कमी पडलं, म्हणजे आपल्या साइटवर जसं तीन-चार दिवसांत बंद करतात तसं, तर फ्लाय अ‍ॅशवाल्या काँक्रीटचं साध्या काँक्रीटपेक्षा जास्त नुकसान होतं का" असं विचारलं की तेच क्यूब, तेच मशिन, पण काम रिसर्चचं. कॉम्प्युटरवाले पोरं मराठी सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस करतात आणि अ‍ॅक्युरसी सांगतात, पण लोक टाइप करतात तसं "khup bhari" रोमनमध्ये लिहिलेलं आलं की मॉडेल किती घसरतं, हे कोण मोजतं?

गावाकडचे असाल तर अजून सोपं. आयआयटी मुंबईत सितारा नावाचं सेंटर आहे, ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं, तिथली मुलं पाणीपुरवठ्याच्या योजना, चुली, विजेचे फीडर असल्या विषयांवर फील्डमध्ये जाऊन अभ्यास करतात. उन्नत महाराष्ट्र अभियानातून राज्यातली इतर कॉलेजंही असं काम करतात, तुमचं कॉलेज त्यात किंवा उन्नत भारत अभियानात आहे का ते ऑफिसात विचारा, असेल तर गावात जायला पत्र वगैरे मिळतं. नळयोजनेच्या शेवटच्या घरी पाणी का पोचत नाही हे प्रेशर आणि फ्लो मोजून शोधणं हा पक्का मेकॅनिकल-सिव्हिलचा प्रश्न आहे.

वाचायचं किती

पन्नास पेपर डाउनलोड करून फोल्डर भरायचं आणि एकही नीट वाचायचा नाही, ही पद्धत सगळ्यांची आहे, ती सोडा. गूगल स्कॉलरवर आधी एक रिव्ह्यू पेपर शोधा, मग त्यातला तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा एक पेपर पकडा आणि त्याच्या खाली 'साइटेड बाय' असतं त्यावर क्लिक करा, म्हणजे त्याच्यानंतर कुणी काय केलं ते कळतं. असे आठ-दहा पेपर नीट वाचले तरी बॅचलरच्या कामाला पुष्कळ झालं. वाचताना आधी टायटल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, आकृत्या आणि शेवट, मग पटलं तर मेथड. एक्सेलमध्ये एकेका पेपरला एकेक ओळ: यांनी काय विचारलं, कशानं मोजलं, किती सॅम्पल, काय निघालं, काय राहिलं. तो "काय राहिलं"चा कॉलम म्हणजे तुमची लिटरेचर रिव्ह्यू.

पेपर फुकट मिळत नसेल तर शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे थिसिस आहेत, त्यातला दुसरा चॅप्टर म्हणजे आयता रिव्ह्यूच असतो. सरकारी कॉलेजवाल्यांना २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेतून बऱ्याच मोठ्या जर्नल्सचा अ‍ॅक्सेस आहे, लायब्ररीत जाऊन लॉगिन मागा. प्रायव्हेटवाल्यांनी पेपरच्या लेखकाला सरळ मेल टाकायचा, बरेच जण पीडीएफ पाठवतात.

चॅटजीपीटीला संदर्भ विचारले तर न लिहिलेले पेपरसुद्धा तो ऐटीत सांगतो, लेखकाच्या नावासकट. समजून घ्यायला वापरा, पण प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा कायमचा ओळखनंबर) उघडून बघितल्याशिवाय रिपोर्टात टाकायचा नाही.

गाइड आणि ग्रुप

गाइड निवडता येत असेल तर नावापेक्षा वेळ देणारे निवडा. पाच-सहा ग्रुप असलेल्या एचओडी सरांपेक्षा नवीन पीएचडी करणारी मॅम जास्त कामाची असते, कारण तिचं स्वतःचं वाचन चालू असतं. दर आठवड्याला पंधरा मिनिटं मागा आणि जाताना एक पान घेऊन जा: या आठवड्यात काय केलं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय करणार. "सर, काय करू?" असं रिकाम्या हाती गेलात की सरांना पण सुचत नाही आणि मग ते म्हणतात, अ‍ॅप पण बनवा.

प्रश्न दुसऱ्या ब्रँचमध्ये घुसत असेल तर तिथल्या लॅब असिस्टंट काकांशी ओळख करा, हे मी अगदी सिरियसली सांगतोय. ओव्हन कधी रिकामा असतो, कुठला वजनकाटा खरा आहे, कुठल्या थर्मोकपलवर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांनाच माहीत असतं. परवानगीचं पत्र एचओडींचं न्या, पण काम काकांमुळे होतं.

ग्रुपमध्ये दोन जण काम करतात आणि दोन जण प्रिंट काढायला येतात हे युनिव्हर्सल आहे. त्यावर उपाय एकच: कामं पहिल्याच आठवड्यात लिहून वाटा आणि पेपर झाला तर नावांचा क्रम काय हेही तेव्हाच ठरवा. नंतर त्यावरून भांडणं होतात, घट्ट मित्रांमध्येसुद्धा.

प्रयोग लावायचा

आपल्या सेन्सरवरच पुढे जाऊ. शेतातली काळी माती आणा, सावलीत वाळवा, ढेकळं फोडा, २ मिमीच्या चाळणीतून चाळा. मग वेगवेगळं पाणी घालून १०, १६, २२, २८, ३४, ४० टक्के अशा सहा पातळ्या करा, प्रत्येकीचे तीन डबे, म्हणजे अठरा डबे. पाणी एकदम ओतलं की चिकणमातीचे गोळे होतात, स्प्रेच्या बाटलीनं थोडं थोडं मारत कालवायचं आणि झाकण लावून एक दिवस ठेवायचं म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. डब्यात माती भरतानाही सारखीच दाबा, म्हणजे तेवढ्याच जागेत तेवढंच कोरड्या मातीचं वजन बसलं पाहिजे, कारण घनता बदलली की रीडिंग बदलतं आणि तुम्हाला वाटतं ओलावा बदलला.

खरा ओलावा कळतो ओव्हनमधून. डब्यातली माती छोट्या भांड्यात घ्यायची, वजन, १०५ ते ११० अंशांवर २४ तास, परत वजन. गेलेलं पाणी भागिले कोरडी माती गुणिले शंभर. भांड्याचं वजन सोडून ओली माती १२० ग्रॅम आणि वाळल्यावर १०० ग्रॅम भरली तर ओलावा २० टक्के, १६.७ नाही. भागायचं कोरड्या वजनानं, इथे बरेच जण घसरतात. तुम्ही पाणी घालताना २२ टक्के धरलं होतं म्हणून तोच आकडा ग्राफवर टाकायचा नाही, ओव्हन जो म्हणेल तो टाकायचा.

सेन्सर एकच घेऊ नका, एकाच पाकिटातले तीन सेन्सर एकाच डब्यात तीन वेगळे आकडे देतात, आणि तो फरक हा पण एक रिझल्टच आहे. डबे ओळीनं कोरड्याकडून ओल्याकडे मोजत जाऊ नका, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, नाहीतर दुपारपर्यंत लॅब तापली तर तापमानाचा परिणाम ओलाव्याच्या नावावर जमा होतो. तापमान दरवेळी लिहा. सेन्सर प्रत्येक वेळी तेवढाच खोल खुपसा, पट्टीवर रेघ असते तिथपर्यंत.

इलेक्ट्रॉनिक्सच्या काही खोड्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. या स्वस्त बोर्डांवर ५५५ टायमर (एक छोटी चिप) असतो, काहींवर कमी व्होल्टेजला चालणारा टीएलसी जातीचा आणि काहींवर जुना एनई जातीचा, ज्याला साडेचार व्होल्ट तरी लागतात, तो ३.३ व्होल्टवर चालवलात तर आकडे काहीही येतात आणि तुम्ही मातीला दोष देत बसता. चिपवरचं नाव भिंगातून वाचा. बोर्डाच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, त्यातून पाणी आत शिरतं, नेलपॉलिश नाहीतर इपॉक्सी लावून घ्या. ईएसपी३२ (वायफायवाला कंट्रोलर बोर्ड) वापरत असाल तर त्याचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) दोन्ही टोकांना सरळ रेषेत वागत नाही आणि वायफाय चालू असताना एडीसी-टूच्या पिना वाचता येत नाहीत, ३२ ते ३९ मधल्या पिना घ्या. आणि दोन काट्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर तुलनेला घेतला तर त्याला सतत करंट देऊ नका, काटे गंजून खाल्ले जातात, रीडिंगपुरताच चालू करा.

हे सगळं अठरा डब्यांवर करायच्या आधी तीन डब्यांवर करून बघा. या ट्रायलमध्ये काय मोडतं ते कळतं, वेळ किती लागतो ते कळतं, आणि ते आकडे फायनलमध्ये घ्यायचे नाहीत.

वही

बांधीव वही, पानांना नंबर, पेनानं. चुकलं तर एक रेघ मारायची, पान फाडायचं नाही. तारीख, वेळ, कोण होतं, कुठला सेन्सर (सेन्सरवर मार्करनं नंबर टाका), काय वेगळं घडलं. "लाइट गेली, ओव्हन दोन तास बंद" हे लिहिलंच पाहिजे, दोन महिन्यांनी तो एक डबा का वेडा वागतोय हे त्या ओळीमुळेच कळणार आहे. कॉलेजची लॉगबुक सही घेण्यापुरती शेवटच्या आठवड्यात भरली जाते हे सगळ्यांना माहीत आहे, ती चालू द्या, मी म्हणतोय ती वही वेगळी.

कच्चा डेटा एका फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही, कॉपी करून कॉपीवर काम. फाइलचं नाव 'फायनल-फायनल-२' नको, तारखेनं द्या, वर्ष-महिना-दिवस असं, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. ड्राइव्हवर एक कॉपी, पेनड्राइव्हवर एक.

आकड्यांचं काय करायचं

आधी ग्राफ काढा, गणित नंतर. आडव्या अक्षावर सेन्सरचं रीडिंग, उभ्यावर ओव्हनचा ओलावा, सगळे ठिपके, सरासरी नाही. डोळ्यांनी बघा, सरळ जातंय का वाकतंय, एखादा ठिपका एकटाच लांब आहे का. तो ठिपका आवडला नाही म्हणून उडवायचा नाही, वहीत कारण सापडलं तरच, आणि उडवला हे रिपोर्टात लिहून.

मग बारा डब्यांवरून कॅलिब्रेशनचं समीकरण काढा आणि उरलेल्या सहांवर तपासा. ज्या डेटावरून समीकरण काढलं त्याच्यावरच तपासलं की आर-स्क्वेअर (समीकरण ठिपक्यांना किती जुळतं त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९८ येतो आणि सगळे खूश, पण त्याला फार अर्थ नाही. उरलेल्या सहांवर सरासरी चूक किती टक्के ओलाव्याची येते तो आकडा सांगा. शेतकऱ्याला आर-स्क्वेअरशी देणंघेणं नाही, त्याला "सेन्सर २५ म्हणतो तेव्हा खरं २१ असू शकतं का २९" एवढं कळलं तरी पाणी द्यायचं की नाही ते तो ठरवतो.

शेवटी शेतातल्या न चाळलेल्या, भेगाळलेल्या मातीत तेच करून बघा. लॅबमधलं समीकरण तिथे बहुतेक आपटतं. मग घाबरायचं नाही, किती आपटतं आणि भेगेजवळ जास्त आपटतं का हे मोजलं की तुमच्या रिपोर्टातला सगळ्यात वाचनीय चॅप्टर तयार. "सेन्सर चालत नाही" हा रिझल्ट आहे, फेल्युअर नाही. फक्त कुठल्या परिस्थितीत आणि किती, हे आकड्यात पाहिजे.

रिपोर्ट, पेपर आणि पेपरच्या नावाखालचा धंदा

रिपोर्ट शेवटच्या महिन्यात लिहायला बसू नका. मेथडचा चॅप्टर प्रयोग चालू असतानाच लिहा, तेव्हा सगळं आठवत असतं. आकृत्या आधी लावा, त्यांच्याभोवती मजकूर. दुसऱ्याचं वाक्य उचललं आणि दोन शब्द बदलले तरी सॉफ्टवेअर पकडतं, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतची समानता चालते, त्याच्या वर गेलं की पायरीपायरीनं कारवाई आहे. समजून घेऊन पुस्तक मिटून लिहिलं की हा प्रश्नच येत नाही.

बऱ्याच कॉलेजात "पेपर पब्लिश करा, मार्क आहेत" असं सांगतात, आणि मग पोरं दोन हजार रुपये भरून दोन दिवसांत पेपर छापणाऱ्या इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या जर्नलमध्ये छापून आणतात. दोन दिवसांत कुठलाच रिव्ह्यूअर पेपर वाचत नाही हो. पुढे बाहेर अ‍ॅडमिशनला अर्ज केला तर असला पेपर उलट खटकतो. यूजीसीची केअर लिस्टही (मान्य जर्नल्सची यादी) २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता तुम्हीच बघायचं: तुम्ही वाचलेले चांगले पेपर कुठे छापलेत, एडिटोरियल बोर्डावरची माणसं खरी आहेत का, स्वीकारायच्या आधीच पैसे मागतात का. मार्कांसाठी काहीतरी द्यावंच लागत असेल तर एखाद्या बऱ्या संस्थेतल्या स्टुडंट कॉन्फरन्सला द्या. पेटंटचा विचार खरंच असेल तर आधी फायलिंग आणि मग पेपर, उलटं केलं तर नावीन्य आपणच घालवतो.

दाखवायचं कुठे, पुढे जायचं कुठे

आविष्कार. महाराष्ट्रातल्या युनिव्हर्सिट्यांची ही रिसर्च स्पर्धा राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ मध्ये सुरू झाली, त्यात इंजिनिअरिंग-टेक्नॉलॉजीचा वेगळा गट आहे आणि यूजीवाल्यांची वेगळी पातळी. आधी पोस्टर किंवा मॉडेल, मग निवड झाली तर पोडियमवर बोलायचं. परीक्षक पोस्टरसमोर दोन-चार मिनिटंच थांबतात, त्यामुळे पोस्टरवर मजकूर कोंबू नका, प्रश्न मोठ्या अक्षरात, मधोमध एक ग्राफ, खाली उत्तर. तुमच्या कॉलेजात आविष्कारचे कोऑर्डिनेटर सर कोण ते पावसाळ्यातच शोधून ठेवा, नोटीस लागते तेव्हा चार दिवस उरलेले असतात.

उन्हाळ्यासाठी बेंगळुरूची इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस बाकीच्या दोन अ‍ॅकॅडम्यांबरोबर दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देते, इंजिनिअरिंगवालेही बसतात. अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी निघतात. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र (रोबोटिक्स) आणि फॉसी (मुक्त सॉफ्टवेअर) या प्रकल्पांकडूनही इंटर्नशिप निघतात, तिथे मार्कांपेक्षा काम करून दाखवावं लागतं, म्हणून लहान कॉलेजवाल्यांना ती बरी. जर्मनीला जायचं असेल तर तिथल्या डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या इंटर्नशिप चालू आहेत का ते बघा, पण त्यासाठी आधी तिथल्या प्रोफेसरचं बोलावणं मिळवावं लागतं.

प्रोफेसरला मेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट" हा साचा शंभर जणांना एकाच वेळी गेलेला असतो, तो न वाचताच उडतो. सहा-सात ओळी पुरतात: तुमच्या अमुक पेपरमधली अमुक आकृती बघितली, मी काळ्या मातीत असं असं मोजलं, हा ग्राफ जोडलाय, ३० टक्क्यांच्या वर रीडिंग का सपाट होतं ते कळत नाहीये, तुमच्या लॅबमध्ये यावर मे-जूनमध्ये काम करता येईल का. सोबत एक पानाचा सीव्ही, पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात तुमचं नाव. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, मग पुढचा मेल दुसऱ्या सरांना.